द सर्चर्स (१९५६): पहिल्यांदा आवडला नव्हता. तुमचं काय झालं?

रानवाट

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी रात्री जॉन फोर्डचा 'द सर्चर्स' पुन्हा पाहिला. ही तिसरी खेप. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी एफवायला होते. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर, तोही दोन बैठकांत. अजिबात आवडला नव्हता. जगातल्या सर्वोत्तम सिनेमांपैकी एक असं कुठेतरी वाचून पाहायला बसले आणि हाती काय लागलं, तर घोडे, लाल डोंगर, एक तिरसट माणूस आणि मधूनमधून न हसवणारे विनोद. दुसऱ्या खेपेला मात्र एका प्रसंगापाशी अडकले, आणि तेव्हापासून हा सिनेमा काही डोक्यातून जात नाही. इथे जुन्या वेस्टर्नपटांची आवड असलेले बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतेय. (पुढे गोष्ट फुटणार आहे. ज्यांना आधी पाहायचाय त्यांनी पाहूनच वाचा.)

गोष्ट थोडक्यात अशी. १८६८ सालचं टेक्सास. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून तीन वर्षं झाल्यावर ईथन एडवर्ड्स (जॉन वेन) भावाच्या घरी परततो. मधली वर्षं कुठे होता, जवळची कोरी करकरीत सोन्याची नाणी कुठून आली, काही सांगत नाही. लवकरच कोमांची या मूळ अमेरिकन जमातीच्या टोळीचा हल्ला होतो. भाऊ, भावजय मार्था आणि पुतण्या मारले जातात, थोरली लूसी आणि धाकटी डेबी यांना पळवून नेतात. ईथन आणि त्या घरात लहानाचा मोठा झालेला मार्टिन (जेफ्री हंटर) शोधाला निघतात. लूसीचं प्रेत सापडतं. डेबीचा शोध वर्षानुवर्षं चालतो. आणि मधे कुठेतरी आपल्या लक्षात येतं की ईथन तिला घरी आणायला शोधत नाहीये. तो तिला मारायला शोधतोय, कारण ती आता कोमांचींमध्ये वाढली आहे. मार्टिन त्याच्यासोबत हिंडतो तो तिला त्याच्यापासून वाचवायला.

आता तो प्रसंग. हल्ल्याच्या आधीची सकाळ. गुरं चोरणाऱ्यांच्या मागावर जायला रेंजर्स जमलेत. त्यांचा म्होरक्या क्लेटन (वॉर्ड बाँड), जो पाद्रीही आहे आणि कॅप्टनही, उभ्याउभ्या कॉफी पितोय. बाकीचे पांगलेत. मार्था ईथनचा डगला आणायला आतल्या खोलीत गेली आहे आणि उघड्या दारातून ती दिसते. डगला हातात घेऊन ती त्याच्यावरून हात फिरवतेय. झटकत नाहीये, घडी घालत नाहीये. निजलेल्या पोराला कुरवाळावं तशी कुरवाळतेय. क्लेटनच्या नजरेला ते पडतं. तो मान वळवतो आणि समोर बघत कॉफी पीत राहतो. ईथन येतो, डगला घेतो, मार्थाच्या कपाळावर ओठ टेकतो, निघतो. क्लेटन अजून समोरच बघतोय. मागे 'लोरेना' या यादवी युद्धाच्या काळातल्या गाण्याची चाल हळू वाजते. संवाद एकही नाही. या दीर-भावजयीमध्ये काय होतं हे अख्ख्या सिनेमात पुन्हा कुणी बोलत नाही. पण हे अर्धं मिनिट निसटलं, तर पुढे ईथन इतकी वर्षं का पेटलेला आहे ते कळतच नाही. माझं पहिल्या खेपेला नेमकं तेच झालं होतं.

माझं म्हणणं असं आहे की १९५६ मध्ये बऱ्याच समीक्षकांचंही तेच झालं. त्यांनी तो एकदा पाहिला आणि अंकाची वेळ गाठायला लिहून दिला. न्यूयॉर्क टाइम्सच्या बॉस्ली क्राउदरला तो दणदणीत वेस्टर्न म्हणून आवडला. व्हरायटीला लांबलेला आणि तेच तेच करणारा वाटला. ब्रिटनमध्ये लिंडसे अँडरसन फोर्डचा मोठा चाहता, पण त्याला हा मनोरुग्णासारखा नायक पटला नाही. ऑस्करला एकही नामांकन मिळालं नाही. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'. मग ज्या पोरांनी हा लहानपणी थेटरात, नंतर टीव्हीवर, नंतर फिल्म स्कूलमध्ये पुन्हा पुन्हा पाहिला, ती मोठी झाली, दिग्दर्शक झाली, आणि मत पालटलं. स्कोर्सेसी, ल्यूकस, स्पीलबर्ग, पॉल श्रेडर, जॉन मिलियस, सगळे यातलेच.

तुम्ही कधी पाहिलात? पहिल्यांदा काय वाटलं? आणि शेवट पटला का?

पिटातला

धागा छान आहे, पण मी उलट बाजूचा. दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा मला हा सिनेमा अर्धाच आवडला. ईथनचा शोध जबरदस्त आहे. पण मधेच ते लॉरी (मार्टिनची प्रेयसी) आणि तिच्याशी लग्न करायला निघालेल्या चार्लीचं प्रकरण, लग्नाच्या मांडवातून बाहेर येऊन केलेली मारामारी, फिडल जपून बाजूला ठेवणं, लेफ्टनंट झालेल्या त्या पोराची गंमत! इतक्या भीषण गोष्टीत हे कशासाठी? समीक्षक रॉजर इबर्टनेही लिहिलं होतं की हे जणू दोन वेगळे सिनेमे आहेत, एक ईथनचा आणि दुसरा हा प्रेमाबिमाचा फुसका. पॉलीन केललाही हा अवघडून बसलेला, औपचारिक सिनेमा वाटला होता. म्हणजे न आवडणारे काही उथळ लोक नाहीत. पुन्हा पुन्हा पाहिल्यावरच आवडतो हे सिनेमाचं कौतुक झालं का? मला एखादा सिनेमा पहिल्या भेटीत धरून ठेवत असेल तरच मी त्याला मानतो.

जुनं खोड

रानवाट, धागा वाचून पन्नास वर्षं मागे गेलो. मी हा सत्तरच्या दशकात मुंबईत एका फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला, १६ मिलिमीटरच्या प्रतीवर. प्रत इतकी जुनी की रंग उडून सगळं गुलाबी पडलेलं. आकाश गुलाबी, वाळू गुलाबी, जॉन वेनचं तोंडसुद्धा. निळा रंग औषधालाही नव्हता. मला कित्येक वर्षं वाटायचं की सिनेमा असाच आहे. पुढे चांगली प्रत पाहिली तेव्हा ते आकाश बघून डोळ्यांत पाणी आलं.

आता मतांबद्दल. तुम्हा तरुण मंडळींना एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यासाठी जॉन वेन म्हणजे बरोबर असलेला माणूस. तो पडद्यावर आला की कुणाची बाजू घ्यायची हा प्रश्नच नसायचा. त्या सवयीने आम्ही ईथनच्या मागे निघालो. तो मेलेल्या कोमांचीच्या डोळ्यांत गोळ्या घालतो तेव्हा चुळबुळ झाली, पण आपला हिरो आहे म्हणून सोडून दिलं. मग तो किल्ल्यातला प्रसंग येतो. सोडवून आणलेल्या गोऱ्या बायका तिथे आहेत, मन फाटून गेलेल्या. एक भावलीकडे बघून किंचाळते. सैनिक म्हणतो, या गोऱ्या आहेत यावर विश्वास बसत नाही. ईथन म्हणतो, त्या आता गोऱ्या राहिलेल्या नाहीत. तो निघतो, दारात वळून बघतो, आणि कॅमेरा सरकत थेट त्याच्या तोंडावर जातो. फोर्ड कॅमेरा फारसा हलवत नाही, इथे हलवतो. टोपीच्या सावलीत ते डोळे. मला आठवतं, आमच्या त्या खोलीत कुणी खोकलंही नाही. आपण ज्याच्या घोड्यावर मागे बसून आलो तो माणूस काय आहे ते तेव्हा कळलं.

त्या रात्री खेळ संपल्यावर चर्चा झाली नाही. एरवी तासभर भांडण चालायचं.

शाल्मली

काका, तुमचा प्रतिसाद फार आवडला. पण मला दुसऱ्या बाजूने बोलायचंय.

ईथनच्या डोक्यात जे चाललंय त्याला आपल्या भाषेत अगदी नेमका शब्द आहे: बाटणं. डेबी त्याच्या लेखी बाटली आहे. तिला परत आणून उपयोग नाही, कारण जी परत येईल ती डेबी नसेल. आपल्याला हे समजायला टेक्सासला जावं लागत नाही. फाळणीनंतर १९४९ साली अपहृत स्त्रियांना परत आणायचा कायदा झाला. आणलेल्या कित्येकींना घरच्यांनी दारात घेतलं नाही, आणि कित्येकींना यायचंच नव्हतं, पण त्यांना विचारलं कुणी नाही. सिनेमात डेबी मोठी झाल्यावर (नॅटली वुड) मार्टिनला आधी हेच सांगते की ही आता माझी माणसं आहेत. शेवटी मात्र ती लगेच तयार होते. हा बदल पटकथेने वाऱ्यावर सोडलाय.

आणि हा फक्त ईथनचा आजार नाही. लॉरी आठवते? गोड, खेळकर, मार्टिनवर जीव टाकणारी. ती लग्नाच्या पांढऱ्या पोशाखात उभी राहून मार्टिनला सांगते की ईथन डेबीला गोळी घालेल, आणि मार्थालाही तेच हवं असतं. पिटातला, तुम्हाला लॉरीचा भाग फुसका वाटतो. मला तर त्यातलं हे वाक्य सगळ्यात भयंकर वाटलं. कारण ते राक्षसाच्या तोंडी नाही, शेजारच्या मुलीच्या तोंडी आहे.

तरीही मला हा सिनेमा निर्दोष म्हणवत नाही. लूक नावाची ती कोमांची स्त्री आठवा. मार्टिन नकळत सौदा करतो आणि ती त्याची बायको म्हणून मागे येते. तो तिला लाथ मारून उतारावरून ढकलतो आणि ईथन खदाखदा हसतो, प्रेक्षकांनीही हसावं अशी अपेक्षा आहे. जाड आहे, भाषा कळत नाही, म्हणून हसायचं. तो प्रसंग मी दरवेळी पुढे ढकलते. दुसरं म्हणजे टोळीचा नायक स्कार. त्याचं काम हेन्री ब्रँडन या जर्मनीत जन्मलेल्या गोऱ्या नटाने केलंय. आणि कोमांची म्हणून दिसणारे बहुतेक लोक नावाहो या दुसऱ्याच जमातीचे आहेत. म्हणजे वंशद्वेषावरचा सिनेमा, पण ज्यांचा द्वेष केला जातोय त्यांना त्यात स्वतःचा चेहराही नाही.

रानवाट

शाल्मली, लूकबद्दल पूर्ण सहमत. त्याला सबब नाही. फक्त पुढचं तुमच्या नजरेतून सुटलं नसेल अशी आशा: थोड्याच वेळाने घोडदळाने जाळलेल्या वस्तीत लूकचं प्रेत सापडतं आणि मार्टिन विचारतो, हिला मारायची सैनिकांना काय गरज होती, हिने कुणाचं काय बिघडवलं होतं. लगेच पुढे बर्फातून बायकापोरांना गुरांसारखं हाकत नेणारं घोडदळ दिसतं आणि मागे 'गॅरीओवेन'ची आनंदी धून. ही कस्टर या घोडदळ अधिकाऱ्याच्या पलटणीची धून. १८६८ च्या नोव्हेंबरात वाशिटा नदीकाठी कस्टरने शायेन लोकांच्या वस्तीवर हल्ला केला होता, त्याची आठवण व्हावी अशीच मांडणी आहे. म्हणजे फोर्डला कळत होतं. पण आधी हसवायचं आणि मग रडवायचं, यात त्या बाईला माणूस म्हणून उभं राहायला एक मिनिटही मिळत नाही. हे बोचतं ते बोचतंच.

पिटातला, पहिल्या भेटीत धरून ठेवलं पाहिजे हे तुमचं म्हणणं मी खोडत नाही. पण एक दाखवते. हल्ला होणार हे कळल्यावर मार्था डेबीला खिडकीतून बाहेर सोडते आणि आजीला पुरलंय तिथे लपून बस म्हणते. डेबी थडग्याच्या दगडाला टेकून बसते. तिच्यावर स्कारची सावली पडते, तो शिंग फुंकतो आणि दृश्य संपतं. आपण पोरीकडे बघत असतो, त्यामुळे दगडाकडे लक्ष जात नाही. तिथे थांबवून वाचा. मेरी जेन एडवर्ड्स, कोमांचींनी मारली, १८५२. म्हणजे ईथनची आई. हा माणूस हे एकदाही तोंडाने बोलत नाही. अख्खा सिनेमाभर त्याचा द्वेष कुठून आला असं आपण विचारतो आणि उत्तर दगडावर कोरून ठेवलेलं असतं, तीन-चार सेकंद.

आणि स्कारचं? तोही सांगतो की गोऱ्यांनी त्याची दोन मुलं मारली. ईथन आणि तो समोरासमोर उभे राहतात तेव्हा एकमेकांकडे असे बघतात जसं काही आरशात बघतायत.

पिटातला

थडग्याचं खरंच माहीत नव्हतं. आत्ता काढून पाहिलं. बरोबर आहे.

अ‍ॅरिझोनाकर

मी फिनिक्समध्ये असतो. हा सिनेमा जिथे चित्रित झाला ती मॉन्युमेंट व्हॅली आमच्याकडून गाडीने पाच-साडेपाच तास. दोनदा जाऊन आलोय, एकदा तर खास या सिनेमासाठी.

पहिली गोष्ट, तो टेक्सास नाही. युटा आणि अ‍ॅरिझोनाच्या सीमेवरचा भाग आहे. सिनेमा सुरू होताना पडद्यावर टेक्सास १८६८ असं येतं आणि समोर हे लाल सुळके. तिथे कुणी शेती करून घर चालवेल हे शक्य नाही, पाणीच नाही. माझ्या टेक्सासमधल्या एका सहकाऱ्याला याच कारणाने हा सिनेमा झेपत नाही. तो म्हणतो, आमचा प्रदेश सपाट गवताळ आहे, हे काय दाखवलंय. मी त्याला म्हटलं की तिथे उभं राहून बघ. माणूस इतका लहान दिसतो की तो घर का बांधतो आणि दार का लावतो ते कळतं.

ही जागा नावाहो लोकांची आहे, त्यांचाच ट्रायबल पार्क आहे आणि तिकीट त्यांच्याकडेच जातं. सतरा मैलांचा कच्चा रस्ता आहे. गाडी धुळीने लाल होते, दुसऱ्या दिवशी कानातूनही लाल माती निघते. 'जॉन फोर्ड पॉइंट' नावाची एक कड आहे, तिच्यावर स्थानिक माणूस घोडा घेऊन उभा असतो, फोटोसाठी थोडे डॉलर घेतो. जवळच गोल्डिंग्जचं जुनं ट्रेडिंग पोस्ट आहे. हॅरी गोल्डिंग हा तिथला दुकानदार. मंदीच्या काळात हा गडी या दरीचे फोटो घेऊन हॉलिवूडला गेला आणि फोर्डला इथे घेऊन आला. त्यातून १९३९ चा 'स्टेजकोच' झाला. त्यानंतर फोर्ड इथे येतच राहिला.

आमचा वाटाड्या नावाहो होता, साठीचा. त्याला मी या सिनेमाबद्दल विचारलं. तो म्हणाला, आमच्या घरातली जुनी माणसं त्यात आहेत, आम्ही गोष्ट बघत नाही, त्यांना शोधतो. कोण कुठल्या घोड्यावर आहे ते बघतो. शाल्मली, तुमचा प्रतिसाद वाचताना मला तो आठवला.

कृष्णधवल

मतं कशी बदलत गेली याबद्दल थोडी भर घालतो, कारण हा प्रवास मला सिनेमाइतकाच रोचक वाटतो.

फ्रेंच मंडळी आधी जागी झाली. दिग्दर्शक गोदार डाव्या विचारांचा, त्याने साठच्या दशकात लिहिलं की गोल्डवॉटर या उजव्या राजकारण्याची बाजू घेणाऱ्या जॉन वेनचा मला राग येतो, तरी शेवटच्या रिळात तो नॅटली वुडला झटकन उचलून घेतो तेव्हा माझा त्याच्यावर जीव कसा जडतो? पुढे १९७९ साली स्टुअर्ट बायरनने न्यूयॉर्क मासिकात लेख लिहिला की नव्या हॉलिवूडचा हाच आराध्य सिनेमा आहे. 'टॅक्सी ड्रायव्हर'मधला ट्रॅव्हिस ज्या मुलीला 'वाचवायला' जातो ती गोष्ट याच्यावरूनच उतरलेली आहे, आणि 'स्टार वॉर्स'मध्ये ल्यूक जळलेल्या घरापाशी येतो ते दृश्यही इथलंच.

साइट अँड साउंड या ब्रिटिश सिनेमासिकाच्या दर दहा वर्षांच्या सर्वोत्तम सिनेमांच्या यादीत हा १९८२ मध्ये पहिल्या दहांत आला, १९९२ मध्ये पाचवा, २००२ मध्ये पहिल्या दहांतून बाहेर, २०१२ मध्ये सातवा, २०२२ मध्ये पंधरावा. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटची गंमत आणखी मोठी. १९९८ च्या शंभरांत हा ९६ वा होता आणि २००७ मध्ये थेट बारावा! नऊ वर्षांत सिनेमातली एक चौकटही बदलली नव्हती. दुसऱ्या वर्षी त्यांनी वेस्टर्नांमध्ये पहिला क्रमांक दिला. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत १९८९ साली पहिले पंचवीस सिनेमे निवडले, त्यातही हा होता.

रानवाट, एकदाच पाहण्याचा तुमचा मुद्दा मला पटतो, पण आणखी एक कारण जोडतो. मधल्या काळात अमेरिकेत नागरी हक्कांची चळवळ झाली, व्हिएतनाम झालं. १९५६ च्या प्रेक्षकाला ईथन कडक माणूस वाटत होता. १९७५ च्या प्रेक्षकाने तो माणूस बातम्यांत पाहिला होता.

तांत्रिक बाजू: हा व्हिस्टाव्हिजनवर चित्रित झाला. त्यात ३५ मिलिमीटरची फिल्म कॅमेऱ्यातून आडवी धावते, त्यामुळे चौकट जवळपास दुप्पट मोठी मिळते. विंटन होकचं छायाचित्रण. २०२४ मध्ये नवी फोर-के प्रत आली आहे. जुनं खोड, तुम्ही ती जरूर पाहा. ज्यांनी फोनवर पाहून मत बनवलंय त्यांनीही.

शाल्मली

अ‍ॅरिझोनाकर, तुमच्या वाटाड्याचं वाक्य दिवसभर डोक्यात होतं. धन्यवाद.

मूळ गोष्टीबद्दल थोडं. १९५४ च्या अ‍ॅलन लमे यांच्या कादंबरीवरून सिनेमा झाला. तिच्या मागे एक खरी घटना आहे. १८३६ साली टेक्सासमध्ये फोर्ट पार्करवर हल्ला झाला आणि सिंथिया अ‍ॅन पार्कर ही नऊएक वर्षांची मुलगी पळवली गेली. तिचा काका कित्येक वर्षं तिला शोधत हिंडला. ती कोमांचींमध्ये वाढली, पीटा नोकोना या नायकाशी तिचं लग्न झालं, मुलं झाली. १८६० मध्ये पीझ नदीपाशी रेंजर्सनी तिला 'सोडवून' आणलं, कडेवरच्या मुलीसह. तिला परत जायचं होतं. पळून जायचा प्रयत्न करायची. ती मुलगी लहानपणीच वारली, आणि पुढे सिंथियाही झुरून गेली. तिचा मुलगा क्वाना पार्कर कोमांचींचा मोठा नेता झाला. ग्लेन फ्रँकेल यांनी २०१३ च्या पुस्तकात ही सगळी हकिगत आणि सिनेमाची घडण दोन्ही लिहिलंय, मिळालं तर वाचा.

म्हणून मला सिनेमाचा शेवट बघताना डेबीच्या तोंडाकडे बघवत नाही. दारातून आत नेतात तिला. पुढे काय?

पिटातला

हो, पण ईथन तिला मारत का नाही, हे कुणी सांगेल का? दोन तास तो एकच गोष्ट करायला निघालाय. मधे एकदा बंदूक रोखतोही, मार्टिन आड येतो. मृत्युपत्रात लिहितो की मला रक्ताचं नातेवाईक कुणी नाही. मार्टिनने मारलेल्या स्कारची कवटीची कातडी कापून घेतो. आणि मग घोड्यावरून तिच्या मागे जातो, ती पडते, आपण श्वास रोखतो, आणि तो तिला दोन्ही हातांनी वर उचलतो आणि म्हणतो, चल डेबी, घरी जाऊ. का? मला दोन्ही वेळा वाटलं की स्टुडिओला गोड शेवट हवा होता.

मातीची चूल

मी वाचनमात्र असते, पण इथे राहवलं नाही. पिटातला, सुरुवात आठवा. ईथन घरी येतो तेव्हा छोट्या डेबीला असंच दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलतो. तेच हात, तीच पकड. मला दोन लेकी आहेत. पोर हातात आली की हातांना आधी कळतं, डोक्याला नंतर. मला तरी तो शेवट शंभर टक्के खरा वाटला.

रानवाट

मातीची चूल, लिहीत राहा हो. यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

पिटातला, एक माहिती: कादंबरीत हा शेवट नाही. तिथे ईथनच्या जागचा माणूस (त्याचं नाव एमॉस) मरतो. आणि तिथला मार्टिन पूर्ण गोरा आहे. सिनेमासाठी फ्रँक न्यूजंटच्या पटकथेत तो अष्टमांश चेरोकी झाला. त्यामुळे पहिल्याच जेवणाच्या टेबलावर ईथन त्याला टोमणा मारू शकतो, आणि शेवटी आपली सगळी मालमत्ता त्याच्याच नावे करायला निघतो. म्हणजे बदल मधेच सुरू झालेला आहे, फक्त तो ईथनला स्वतःला माहीत नाही. काही लोक डेबी ही ईथनचीच मुलगी असं मानतात. मला ते नको वाटतं. रक्ताचं नातं निघालं म्हणून वाचली, असं झालं तर त्या उचलण्याला काय अर्थ उरला?

जुनं खोड

शेवटच्या चौकटीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. जॉन वेन दारात उभा राहून डाव्या हाताने उजवा कोपर धरतो. ही लकब हॅरी कॅरीची. मूकपटांच्या काळातला मोठा वेस्टर्न नट, फोर्डचा सुरुवातीचा सोबती, १९४७ मध्ये वारला. त्याची बायको ऑलिव्ह कॅरी या सिनेमात मिसेस जॉर्गन्सन (लॉरीची आई) आहे आणि मुलगा हॅरी कॅरी ज्युनियर ब्रॅड झालाय. वेनने तो हात धरला तेव्हा ऑलिव्ह कॅमेऱ्याच्या मागून बघत होती. हे वाचल्यापासून मला ते दृश्य सरळ बघता येत नाही. वेनने पुढे १९६२ साली झालेल्या मुलाचं नाव ईथन ठेवलं, यावरून त्याला ही भूमिका काय वाटत होती ते समजा.

आणि पिटातला, तुम्ही आवडला नाही म्हणालात तरी प्रत्येक प्रसंग तुम्हाला पाठ आहे.

पिटातला

काका, ते खरं आहे. पण मारामारी अजूनही नको वाटते.

रानवाट

काल रात्री चौथ्यांदा पाहिला. या वेळी आई शेजारी होती. आईला इंग्रजी कळत नाही, ती मटार सोलत बसली होती आणि मधूनमधून विचारत होती, ही कोण, हा कुणाचा कोण. डगल्याचं दृश्य आलं तेव्हा मी मुद्दाम काही बोलले नाही. आईचे हात थांबले. 'याची भावजय ना ती?' एवढंच म्हणाली आणि पुन्हा सोलायला लागली.

शेवटी ईथन डेबीला घेऊन येतो. जॉर्गन्सन नवरा-बायको तिला जवळ घेऊन आत जातात. मग मार्टिन आणि लॉरी आत जातात. ईथन उंबऱ्याबाहेर उभा. वारा सुटलेला. तो वळून चालायला लागतो, दार बंद होतं, अंधार.

आई म्हणाली, 'अगं, त्याला कुणी आत ये म्हणालंच नाही.'

मी मागे नेऊन पुन्हा पाहिलं. ईथन पायरी चढून ओसरीवर येतो. आत जायला निघाल्यासारखा दिसतो. मागून मार्टिन-लॉरी येतात, तो त्यांना वाट द्यायला बाजूला होतो. ती दोघं त्याच्या अगदी जवळून जातात. म्हातारा मोझ शेजारी झुलत्या खुर्चीत बसलाय, तोही बघत नाही. आई बरोबर होती. मी चार वेळा पाहून मला वाटत होतं की तो आपणहून जातो.